कल्हईच्या आतली वाइन

पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की कळकतं, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. आमटीत चिंच पडायच्या आधी पातेलं आतून बघायचं, कल्हई शाबूत आहे ना ते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. तो आहे तोवर आंबट आणि धातू यांची गाठ पडत नाही. तो उडाला की तीच आमटी हिरवट होते आणि जिभेला चरचरते.

कॅनमधली वाइन समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करायला हवी. आंबटपणा पीएच या आकड्याने मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. ताकाचा पीएच साधारण साडेचारच्या आसपास असतो, वाइनचा 3.1 ते 3.7. म्हणजे वाइन ताकापेक्षा कितीतरी आंबट. आणि कॅन ॲल्युमिनियमचा. उघडं ॲल्युमिनियम आणि वाइन महिनाभर एकत्र ठेवले तर दोघांचीही वाट लागेल. म्हणून प्रत्येक कॅनला आतून पारदर्शक लाखेसारखा लेप फवारतात आणि भट्टीत भाजून पक्का करतात. जाडी काही मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कितीतरी कमी. पूर्वी हा लेप बहुतेक बीपीए (बिस्फेनॉल-ए हे रसायन) असलेल्या इपॉक्सीचा असायचा, आता अनेक कारखाने बीपीए न वापरता केलेले लेप देतात. ही या कॅनची कल्हई. ती चांगली असेल आणि आतली वाइन तिला झेपेल अशी बनवलेली असेल, तर वैशाखातल्या संध्याकाळी कॅनमधून ओतलेली थंड वाइन हा फार सुंदर प्रकार आहे. नसेल तर कॅन उघडताच उकडलेल्या अंड्याचा वास येतो, आणि माणूस कायमचा ठरवून टाकतो की कॅनमधली वाइन वाईटच असते.

तो वास येतो कुठून? वाइन टिकावी म्हणून तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. द्राक्षाच्या वाइनमध्ये तो शतकानुशतकं वापरात आहे, प्राणवायूपासून आणि जंतूंपासून तो वाइनला सांभाळतो. पण त्याचा एक हिस्सा, ज्याला रेणवीय सल्फर डायऑक्साइड म्हणतात, तो लेपातून आरपार सरकतो आणि ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. तिथे दोघांची क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच, आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट आहे की अब्ज भागांत एखाद-दोन भाग असला तरी ओळखतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने यावर बारकाईने काम केलं. रेणवीय सल्फर डायऑक्साइड दशलक्षात 0.5 भागापेक्षा जास्त असेल तर चार ते आठ महिन्यांत हा वास लक्षात येण्याइतका वाढतो, असं त्यांना आढळलं.

वाइनरीची पंचाईत इथे होते. बाटलीत भरायच्या पांढऱ्या वाइनमध्ये हे प्रमाण 0.8 च्या आसपास ठेवायची जुनी सवय आहे, कारण तेवढं असेल तर वाइन निर्धास्त राहते. कॅनसाठी ते निम्म्यावर आणावं लागतं. निम्म्यावर आणायचं तर भरताना प्राणवायू जराही आत जाता कामा नये आणि गाळणी इतकी बारीक हवी की यीस्टचा एक कणही मागे राहू नये. शेवटची गाळण बहुतेक 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून होते. शिवाय पीएचची गोम आहे. पीएच जितका कमी तितका सल्फर डायऑक्साइडचा रेणवीय हिस्सा जास्त. पीएच 3.2 असलेल्या पांढऱ्या वाइनमध्ये मोकळा, म्हणजे इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड दशलक्षात फक्त 13 भाग असला तरी 0.5 ची रेघ गाठली जाते. पीएच 3.6 असलेल्या लाल वाइनमध्ये त्याच रेघेपर्यंत जायला 31 भाग लागतात. म्हणून अंड्याच्या वासाची तक्रार लाल वाइनच्या कॅनमध्ये कमी आणि पांढऱ्या, आंबटसर, चुरचुरीत वाइनच्या कॅनमध्ये जास्त. आणि उन्हाळ्यात आपल्याला हवी असते नेमकी तीच.

यातून एक साधी गोष्ट निघते, आणि या प्रकाराबद्दल एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवावं: कॅनमधली वाइन ही साठवायची वस्तू नाही. ती लोणच्यासारखी मुरत नाही. तिला पालेभाजीच्या हिशेबाने आणावं, ताजी बघून, लागेल तेवढीच.

आता ताजी म्हणजे काय, ते आपल्या द्राक्षांच्या वर्षाकडे बघून ठरवू. नाशिक, दिंडोरी, निफाड, नारायणगाव, अकलूज या सगळ्या पट्ट्यात द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ती वेल उभा करायला. पावसाळा ओसरताना गोडी छाटणी, ती फळ धरायला. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च या काळात तोडली जातात. युरोपात तोडणी सप्टेंबरमध्ये, आपल्याकडे थंडीच्या शेवटी, पहाटेच्या गारव्यात. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँसारखी पांढरी द्राक्षं गार टाक्यांत दोन-तीन आठवडे आंबतात, मग निवळणं, गाळणं, आणि पावसाळ्याच्या आसपास भरायला तयार. तेव्हा या मे महिन्यात आपण जी पितो ती बहुतेक गेल्या वर्षीची तोडणी असते, यात वावगं काही नाही. टाकीत ती सुखात असते. प्रश्न असतो ती कॅनमध्ये कधी शिरली याचा. गेल्या ऑगस्टमध्ये भरलेला कॅन मे महिन्यात नऊ महिन्यांचा झालेला असतो, म्हणजे वर सांगितलेली चार ते आठ महिन्यांची मुदत ओलांडून पुढे गेलेला. जानेवारीनंतर भरलेला कॅन हातात आला तर तीच वाइन वेगळी लागते. द्राक्षं तोडल्याच्या वर्षापेक्षा कॅन भरल्याची तारीख महत्त्वाची, हे बाटलीची सवय असलेल्यांच्या पचनी पडायला जरा वेळ लागतो.

ही तारीख बहुतेक वेळा कॅनच्या बुडाशी बारीक ठिपक्यांत छापलेली असते. कॅन उलटा करा आणि उजेडात तिरपा धरा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर निःशंक घ्या. सहा ते नऊ महिन्यांचा असेल तर एकच घेऊन बघा. वर्ष उलटलेला पांढरा कॅन सवलतीत मिळत असला तरी ठेवून द्या. लाल आणि हलक्या फेसाळ वाइनला याहून थोडी जास्त सूट देता येते.

महाराष्ट्रात विदेशी मद्याच्या दुकानालाच वाइन शॉप म्हणतात, पण वाइन तिथे सहसा एखाद्या फळीपुरती असते आणि कॅन त्या फळीच्याही टोकाला. पुष्कळदा रस्त्याकडे तोंड केलेल्या काचेच्या कपाटात, जिथे दुपारचं ऊन येतं. तिथला कॅन घेऊ नये. बिअरच्या फ्रिजमध्ये ठेवलेले असतील तर त्यातला मागावा, नाहीतर आतल्या खोक्यातला काढून द्यायला सांगावा. दुकानदार काढून देतात, विचारायला लाजू नये. कॅनवर बोट फिरवून बघा. पोचा आलेला असेल, आणि तो वरच्या किंवा खालच्या जोडाजवळ असेल, तर नको. पोचा आला की आतल्या लेपाला बारीक तडा जातो, आणि ज्या जागी कल्हई उडाली तिथूनच वाइन पत्रा खायला लागते. काही आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. एक कॅन गळला की त्याची आंबट वाइन शेजारच्या कॅनवर पडून त्यांनाही बाहेरून खाते, म्हणून चिकट किंवा पांढरट भुकटी धरलेला कॅन असेल तर त्या खोक्यातलाच दुसराही घेऊ नये. बूड फुगलेलं दिसलं तर आत परत आंबणं सुरू झालेलं असू शकतं किंवा माल उन्हात तापलेला असतो. दोन्ही कारणांनी तो नकोच.

उन्हाचं दुखणं मोठं आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या आतली हवा सहज 60 अंशांवर जाते. रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 20 अंशांवर जे महिन्याभरात घडायचं ते 50-60 अंशांवर दोन-चार दिवसांत घडू शकतं. फळाचा वास जातो, उकडलेल्या जॅमसारखा जडपणा येतो, लेपावरचा ताण वाढतो, आणि फेसाळ असेल तर आतला दाबही. दुकानातून घरी येताना कॅन डिकीत टाकून वाटेत तासभर दुसरी कामं करत बसू नये. आइस्क्रीम घेतल्यावर जशी घाई करतो तशीच करावी. घरात ठेवायचा तर फ्रिजमध्ये, आणि एक-दीड महिन्यात संपेल इतकाच.

आता गार करणं. यात कॅन बाटलीच्या पुष्कळ पुढे आहे, आणि उन्हाळ्यात त्याचं खरं सुख हेच. काच उष्णता सावकाश सोडते, ॲल्युमिनियम लगेच. शिवाय 250 मिलीचा बारका कॅन आत फार खोल नसतो. फ्रिजमध्ये आडवा ठेवला तर अडीच तासांत गार होतो. पाहुणे दारात उभे असतील तर बर्फाचं पाणी करा, नुसता बर्फ नको. हे पुष्कळांचं चुकतं. बादलीत बर्फाचे तुकडे टाकून वर कॅन ठेवला तर कॅनला बर्फ ठिकठिकाणी टेकतो, मधे सगळी हवा. पाणी घातलं की चहूबाजूंनी गारवा लागतो. एक किलो बर्फ, एक लिटर पाणी, आणि त्यात मूठभर जाडं मीठ, साधारण 100 ग्रॅम. मिठाने पाणी शून्याखाली दोन-चार अंश उतरतं आणि तरी गोठत नाही. कॅन त्यात गळ्यापर्यंत बुडवून मधूनमधून हाताने गोल फिरवत राहा. फिरवल्याने आतली वाइन ढवळली जाते, नाहीतर पत्र्याजवळची गार आणि मधली कोमटच राहते. असं केलं तर 32 अंशांवरचा कॅन आठ-दहा मिनिटांत 8 अंशांवर येतो. मीठ नसेल तर पंधरा मिनिटं धरा. बाहेर काढल्यावर मात्र साध्या पाण्याने धुवायचा. मिठाचं पाणी पत्र्यावर सुकलं तर ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं, आणि तोंडाशी आलेला खारटपणा पहिल्याच घोटाला लागतो.

फ्रीझरमध्ये ठेवायचा तर 25 मिनिटांचा गजर लावूनच. बारा टक्के अल्कोहोल असलेली वाइन शून्याखाली पाचेक अंशांवर गोठायला लागते, हलकी असेल तर त्याआधीच, आणि घरचा फ्रीझर उणे 18 ला असतो. गोठताना वाइन फुगते, बूड बाहेर येतं, लेप तडकतो. फुटला नाही तरी तो कॅन वितळवून परत ठेवून देण्याच्या लायकीचा राहत नाही, लगेच संपवावा.

जिथे बर्फ नाही तिथे ओलं फडकं. पण ते कुठे चालतं आणि कुठे नाही हे हवेवर आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 44 वर आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्यासमोर ठेवलेला कॅन 23-24 अंशांपर्यंत उतरू शकतो, तिथे माठातलं पाणी इतकं गार का लागतं त्याचं हेच कारण. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर तेच फडकं 28 च्या खाली जाणारच नाही. विदर्भात हा उपाय अर्धं काम करतो, उरलेल्या अर्ध्याला मूठभर बर्फ पुरतो. कोकणात यावर वेळ घालवू नये.

किती गार हवी? फेसाळ 5 ते 7 अंश, पांढरी आणि गुलाबी 7 ते 10, हलकी लाल 12 ते 14. फ्रिजमधून काढलेली लाल थोडा वेळ बाहेर ठेवायची आणि फेसाळ लगेच उघडायची. याहून गार केली तर वास मिटतो. वाइन बेतास बात असेल तर ते पथ्यावर पडतं, चांगली असेल तर नुकसान.

उघडण्याआधी कॅनचं डोकं धुवा. गोदामातली धूळ त्या खोबणीत बसलेली असते आणि आपण ओततो ते तिच्यावरूनच. मग कॅन दोन मिनिटं स्थिर ठेवून कडी ओढा. साध्या, फेस नसलेल्या वाइनचा कॅनही उघडताना फुस्स असा आवाज करतो. काही जणांना वाटतं वाइन बिघडली. तसं नाही. कॅनचा पत्रा इतका पातळ असतो की आत दाब नसेल तर हातात धरताच दबेल. म्हणून झाकण बसवण्याच्या क्षणभर आधी आत द्रवरूप नायट्रोजनचा एक थेंब सोडतात. त्याचा वायू होताना तो साधारण सातशे पट फुगतो, वरच्या मोकळ्या जागेतला प्राणवायू हाकलून देतो आणि कॅनला आतून टणक करतो. तो फुस्स आवाज त्या थेंबाचा. साध्या वाइनच्या कॅनने तो केलाच नाही आणि पत्रा हाताला लिबलिबीत लागला, तर संशय घ्यावा.

आणि ओता. पेल्यात ओता, ही कळकळीची विनंती आहे. कॅनला तोंड लावून प्यायलं की नाक पत्र्यावर टेकतं आणि वाइनचा निम्मा आनंद, तिचा वास, भोकाआड अडकून पडतो. मोठा, लांब दांडीचा ग्लास हवा असं अजिबात नाही. पाणी प्यायचा काचेचा छोटा पेला चालतो, फक्त निम्म्यापर्यंतच भरा, म्हणजे वर वासाला जागा राहते. पेला तिरपा धरून थोड्या उंचीवरून ओतलं तर हवा मिसळते, आणि किंचित अंड्याचा वास असेल तर तो दोन-तीन मिनिटांत उडून जातो. त्यानेही गेला नाही तर लख्ख घासलेला, कल्हई नसलेला तांब्याचा चमचा दहा-पंधरा सेकंद फिरवून काढून घ्या. तांबं त्या वायूला पकडतं आणि वास मरतो. चमचा पेल्यात ठेवून देऊ नका, कळकायची गोष्ट इथेही लागू आहे. एवढं करूनही वास राहिला तर ओतून द्या. सोडा घालून, सरबत घालून तो झाकला जात नाही, फक्त सोडा वाया जातो.

एका वेळी अर्धाच कॅन ओतायचा आणि उरलेला बर्फाच्या पाण्यात उभा ठेवायचा. जितक्या लवकर कॅन गार होतो तितक्याच लवकर तो हातात तापतो.

हा प्रकार आला कुठून ते थोडक्यात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बारोक्स या कंपनीने 1990 च्या दशकात कॅनसाठी वाइन कशी बनवायची यावर काम सुरू केलं. 2004 मध्ये अमेरिकेत दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या वाइनरीने मुलीच्या नावाने ‘सोफिया मिनी’ काढली, 187 मिलीचा गुलाबी कॅन, सोबत पिण्याची नळी. आपल्याकडे 2020 च्या आसपास सुरुवात झाली. अकलूजकडच्या फ्रॅटेली वाइनरीची ‘टिल्ट’ 250 मिलीच्या कॅनमध्ये आली, नाशिकच्या सुलाची ‘दिया’ 330 मिलीच्या. दोन्ही उन्हाळी, हलक्या हाताच्या वाइन. हा निर्णय योग्य होता. मुरवायची, लाकडी पिंपातली, गडद वाइन कॅनमध्ये घालण्यात अर्थ नाही. तिला जो काळ लागतो तो कॅन देऊ शकत नाही.

कॅनचे गुण मात्र खरे आहेत. उजेड शून्य. पारदर्शक बाटलीतली गुलाबी वाइन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली राहिली तरी बिघडते, उकडलेल्या कोबीसारखा वास धरते. कॅनमध्ये ते होणं शक्यच नाही. बूच नाही, म्हणून बुचाचा कुबट वास नाही. आणि माप. 750 मिलीची बाटली उघडली की दुसऱ्या दिवशी उरलेली उतरलेली लागते, उन्हाळ्यात तर लवकरच. 250 मिलीचा कॅन म्हणजे बाटलीचा बरोबर तिसरा भाग. एकट्याला किंवा दोघांत एक, आणि विषय संपला.

पण हेच माप फसवतं. हातात कॅन आला की हाताला बिअर आठवते आणि हात त्या वेगाने चालतो. हिशेब करून बघा. साडेबारा टक्क्यांच्या वाइनचा 250 मिलीचा कॅन म्हणजे 31 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे 25 ग्रॅम. पाच टक्क्यांच्या बिअरचा 330 मिलीचा कॅन म्हणजे 13 ग्रॅम. वाइनचा छोटा कॅन जवळजवळ दोन बिअरच्या बरोबरीचा आहे, दिसतो मात्र बिअरपेक्षा लहान. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम हलवतं, म्हणजे एका कॅनला अडीच ते साडेतीन तास लागतात. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे. 60 किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी असा एक कॅन संपवला तर ढोबळ हिशेबाने तो 60 च्या आसपास जातो, बाई असेल तर त्याहून वर. एकाच कॅनने मर्यादेच्या दुप्पट. त्यामुळे ‘एकच तर छोटा कॅन’ म्हणून किल्ली उचलायची नाही. आठ टक्क्यांची 330 मिलीची फेसाळही 21 ग्रॅमवर जाते, तीही हलकी समजू नये. कॅनवरचा टक्का वाचा, मिलीने गुणा, आणि उन्हाळा आहे म्हणून प्रत्येक पेल्यामागे तेवढंच पाणी प्या. घामाने आधीच पाणी गेलेलं असतं, अल्कोहोल आणखी घालवतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत त्याचाही वाटा असू शकतो.

सोबत काय खावं यावर माझं मत पक्कं आहे: तळलेलं आणि खारट. रवा लावलेले बोंबील आणि गार फेसाळ वाइन ही जोडी मला सगळ्यात आवडते, फेस तेलकटपणा कापतो आणि आंबटपणा लिंबाचं काम करतो. कांदाभजी, साबुदाणा वडा, खारे शेंगदाणे, सगळं चालतं. ओल्या भेळेत चिंचेचा गोडवा असतो म्हणून तिच्यासोबत जरा गोडसर शेनिन ब्लाँ घ्यावी, कोरडी वाइन तिच्यापुढे नुसती आंबट लागते. ठेचा, तांबडा रस्सा यांच्या वाटेला मात्र लाल कॅन घेऊन जाऊ नये. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि लाल वाइनचा तुरटपणा त्या आगीवर घासतो.

बर्फ पेल्यात घालायचा नसेल, आणि चांगल्या वाइनमध्ये घालू नयेच, तर मार्चमध्ये गाड्यावर सोनाका किंवा थॉमसन द्राक्षं स्वस्त असतात तेव्हा किलोभर घ्या. नीट धुवा, पंचावर पूर्ण कोरडी करा, ताटात एकेक सुटी पसरून चार तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग पिशवीत भरा. ओली ठेवली तर एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. पेल्यात पाच-सहा टाकली की वाइन गार राहते आणि पातळ होत नाही. मे अखेरपर्यंत ती पुरतात. आणि हलकं काही हवं असेल तर 125 मिली गुलाबी वाइन, 75 मिली गार सोडा, दोन छोटे चमचे अमृत कोकम. आगळ नको, त्यात मीठ भरपूर असतं. आधी कोकम, मग वाइन, शेवटी सोडा, आणि एकदाच हलक्याने ढवळायचं. पन्हं मात्र यात घालू नये, गूळ-वेलदोडा वाइनचं काही उरू देत नाही.

कॅन हलका आहे, फुटत नाही, म्हणून तो कुठेही न्यायचा मोह होतो. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला 2019 पासून दंड आहे, 2019 मध्ये तो एकट्याला 2,000 रुपये आणि घोळक्याला 10,000 होता. गड-किल्ल्यांवर तर दंडाचा विचारही मनात यायला नको, तिथे नेऊच नये. गच्ची, अंगण, गॅलरी, शेतातला मांडव, एवढ्या जागा पुरेशा आहेत.

रिकामा कॅन लगेच पाण्याने विसळून पालथा घालावा. तळाशी चमचाभर गोड-आंबट उरलेलं असतं, तासाभरात मुंग्या येतात आणि दोन दिवसांत चिलटं. सुकला की पायाने चेपून वेगळ्या पिशवीत. भंगारवाला काचेची बाटली घ्यायला फारसा उत्सुक नसतो, ॲल्युमिनियम मात्र तो किलोने आनंदाने नेतो, आणि एका किलोला असे कितीतरी बारके कॅन लागतात. भट्टीत आतला लेप जळून जातो, पत्रा वितळून परत पत्रा होतो.